छाती दाबणाऱ्याची कंबर

बंद पडलेला श्वास आणि हृदय चालू करण्याचा इतिहास आपण रुग्णाच्या बाजूने वाचतो. दाबणाऱ्याच्या बाजूने वाचला, तर पद्धत बदलत गेली तसतसा त्याच्या अंगावरचा भार आधी घटून मग वाढत गेलेला दिसतो. बुडालेल्या माणसाचे दोन्ही हात डोक्यामागे ओढून पुन्हा छातीवर आणायचे, ही सिल्वेस्टरची १८५८ची रीत चांगलीच दमवणारी होती. १९०३च्या सुमारास एडिंबरोच्या शेफरने रुग्णाला पालथं झोपवून पाठीच्या खालच्या बरगड्यांवर नुसतं झुकायला सांगितलं. करणारा दमत नाही, हा त्या पद्धतीचा गुणच मानला गेला. मग १९६० साली जॉन्स हॉपकिन्सच्या कोवेनहोवेन, ज्यूड आणि निकरबॉकर यांनी छातीवर बाहेरून दाब देऊन रक्त फिरतं ठेवता येतं हे दाखवलं. त्यासाठी दोन हात पुरेत, असं त्यांचं म्हणणं. हातांच्या मागे कंबर, खांदे आणि गुडघे असतात, हे त्यात सुटलं. २०१०च्या नियमांनी खोली किमान ५ सेंटिमीटर केली, २०१५च्या नियमांनी वेग मिनिटाला १०० ते १२० असा बांधला. एवढं दाबायला साधारण ५० किलोचा जोर लागतो. दर २ मिनिटांनी माणूस बदला, असा नियम आहे खरा, पण तो रुग्णासाठी: दमलेले हात उथळ दाबतात, आणि ते दाबणाऱ्याच्या लक्षातही येत नाही.

यावर आक्षेप ठरलेला. मनगट मुरगळणं, गुडघे सोलवटणं, कंबर धरणं हे जिवापुढे किरकोळ; उगाच चर्चा केली तर पुढे येणाराही मागे सरेल. आक्षेपाला पुरावाही आहे. अमेरिका-कॅनडातल्या वीस हजारांच्या आसपास स्वयंसेवकांच्या एका मोठ्या अभ्यासात शारीरिक इजा अगदी तुरळक आढळल्या. मात्र ते स्वयंसेवक प्रशिक्षित होते आणि मॉल, निवासी संकुलं अशा ठिकाणचे होते. तो निष्कर्ष वाशिम जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्याच्या एखाद्या तांड्याला जसाच्या तसा लावता येत नाही. तिथे रुग्णवाहिका येईपर्यंतचा वेळ लांबतो, पाळी बदलायला शिकलेला दुसरा माणूस मिळेलच असं नाही, आणि खाली फरशी नसून मुरमाड जमीन असते. शिवाय कोपर ताठ ठेवून, खांदे हातांच्या वर आणून, कंबरेतून झुकायला शिकवलं तर पाठही वाचते आणि दाबही नीट बसतो. मग घाबरण्याचं कारण उरत नाही.

खरा धोका मात्र धावत्या गाडीत आहे. महाराष्ट्रात १०८ सेवा २०१४ साली सुरू झाली, ९३७ रुग्णवाहिकांसह. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. तो वाशिमच्या कारंजा, मंगरूळपीर, मालेगाव तालुक्यांतून जातो. गाडी वेगात, आणि आतला माणूस पट्टा न लावता, वाकून, दोन्ही हात रुग्णाच्या छातीवर गुंतवून उभा. चालकाने करकचून ब्रेक दाबला तर धरायला त्याच्याकडे तिसरा हात नाही. दाब देणारी यंत्रं निघाली आहेत. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या, मुख्यतः स्वीडनमधल्या मोठ्या चाचणीत त्यांनी हातांपेक्षा जास्त जीव वाचवले नाहीत, म्हणून ती बाजूला पडतात. पण त्या चाचणीचा मुख्य प्रश्न रुग्णाच्या जगण्याचा होता. गाडीतला माणूस आसनावर पट्टा लावून बसू शकतो, हा फायदा त्या हिशेबात येत नाही. कायद्याचंही तसंच. नोकरीवरच्या माणसासाठी नुकसानभरपाईची कायदेशीर तरतूद आहे (नोव्हेंबर २०२५पर्यंत ती १९२३च्या कायद्यात होती), भले धरलेली कंबर कामामुळेच धरली हे सिद्ध करताना नाकी नऊ येवोत. अपघातात धावून जाणाऱ्या वाटसरूला मोटार वाहन कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीतल्या १३४अ कलमाने खटल्यापासून संरक्षण दिलं. मदत करताना त्याचाच खांदा निखळला तर खर्च कुणाचा, याबद्दल त्या कलमात एक शब्द नाही.