म्हशीचे सोबती आणि त्यांचे वर्गीकरण

सोलापूरच्या भवानी पेठेतून जाणारी एखादी म्हैस दिसायला एकटी असली, तरी ती एकटी कधीच नसते. तिच्या पोटात अब्जावधी सूक्ष्मजीव नांदतात, कातडीला गोचिडी चिकटलेल्या असतात आणि शहराबाहेर चरायला गेल्यावर गायबगळे तिच्या मागे फिरू लागतात. भिन्न जातींच्या जीवांच्या अशा निकट सहवासाला सहजीवन म्हणतात. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ आंतोन दे बारी यांनी १८७९ मध्ये या संकल्पनेची व्याख्या केली.

सहजीवनाचे तीन मुख्य प्रकार आहेत. ज्वारीच्या कडब्यातील सेल्युलोज पचविणारी विकरे म्हशीच्या शरीरात तयार होत नाहीत. ते काम कोटीपोटातील जिवाणू, आदिजीव व कवके करतात. त्यांना ऊब व अन्न मिळते, तर त्यांनी निर्माण केलेल्या मेदाम्लांपासून म्हशीला ऊर्जा मिळते. ही सहोपकारिता होय. चरणाऱ्या जनावराच्या पायांमुळे गवतातून उडालेले कीटक गायबगळा टिपतो. त्याचा लाभ होतो, जनावराचे सहसा काही बिघडत नाही. ही सहभोजिता. गोचीड मात्र रक्त शोषते आणि रोगही पसरवते. ही परजीविता.

वर्गीकरणाचा निकष याहून वेगळा आहे. कार्ल लिनियस यांनी १७५८ मध्ये प्राण्यांसाठी द्विनाम पद्धती सातत्याने वापरली. संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती व जाती ही उतरंड शरीररचना आणि वंशसंबंध यांवर ठरते, सहवासावर नव्हे. म्हैस व गायबगळा हे दोघेही पृष्ठवंशी. परंतु एक सस्तन, तर दुसरा पक्षी. गोचीड हा कीटक नव्हे. प्रौढ गोचिडीला आठ पाय असल्याने ती कोळी व विंचू यांच्या अष्टपाद वर्गात मोडते. आदिजीवांना पूर्वी प्राणीच मानले जाई; रॉबर्ट व्हिटाकर यांच्या १९६९ मधील पंचसृष्टी पद्धतीत त्यांचे स्थान प्राणिसृष्टीबाहेर आहे.

हे ज्ञान केवळ परीक्षेपुरते नाही. समारंभात उरलेला भात, पोळ्या किंवा धान्य जनावराला एकाच वेळी भरपूर घातल्यास कोटीपोटात स्टार्चवर जगणारे जिवाणू झपाट्याने वाढतात. लॅक्टिक आम्ल साचते, तंतू पचविणारे जिवाणू मरू लागतात आणि जनावर दगावूही शकते. पुण्य म्हणून घातलेला घास अशा वेळी घातक ठरतो. म्हशीला खाऊ घालणे म्हणजे प्रथम तिच्या पोटातील सूक्ष्मजीवांना खाऊ घालणे होय, आणि त्यांना मानवतो तो चारा.