बंद मोटार आणि काचेवरचे धुके

पहिल्या महायुद्धापूर्वीची मोटार बहुतांशी उघडी असे. पाऊस, धूळ आणि थंडी यांचा त्रास तीत भरपूर होता, पण काच आतून धूसर होण्याचा प्रश्न जवळजवळ नव्हताच. अमेरिकेत १९१९ मध्ये विकल्या गेलेल्या मोटारींपैकी सुमारे १० टक्केच बंद टपाच्या होत्या. १९२७ पर्यंत हे प्रमाण ८५ टक्क्यांवर गेले, आणि प्रवाशाबरोबर त्याचा श्वासही आत कोंडला गेला. ज्या तापमानाला हवेतील बाष्प तिच्यात मावेनासे होते, त्याला दवबिंदू म्हणतात; बाहेरच्या थंडीने काच त्या तापमानाखाली गेली की आतल्या बाजूस सूक्ष्म थेंब धरतात आणि ते प्रकाश विखुरत असल्याने समोरचा रस्ता दिसेनासा होतो.

आरंभीचे उपाय काचेपुरतेच होते. साबणाचा पुसट हात दिला की पाण्याचा पृष्ठताण, म्हणजे थेंब गोळा धरून ठेवणारी ओढ, कमी होते आणि थेंबांऐवजी पाण्याचा सलग, पारदर्शक पापुद्रा पसरतो. आपल्याकडील चालकांची पावसात काचेवर तंबाखू किंवा कापलेला बटाटा चोळण्याची रीत याच कुळातली. हे उपाय कामाचे खरे, पण तात्पुरते. कारण दोष काचेचा नसून कोंडलेल्या हवेचा होता.

जनरल मोटर्सने १९३३ मध्ये दाराच्या खिडकीत कलती होणारी छोटी काच आणली, ती या जाणिवेतून झालेली मोठी सुधारणा मानावी लागते. बाजूने धावणारा वारा तिच्या फटीतून आतली हवा ओढून घेई. कुर्ल्यात तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीच्या पुढच्या दारांना अशीच त्रिकोणी काच होती. मोठी काच वर चढवून ही तेवढी किंचित तिरकी ठेवली, की मुसळधार पावसातही बाष्पाला वाट मिळे आणि आसन फारसे भिजत नसे.

तरीही हवा आत घेण्याइतकीच ती बाहेर सोडण्याची सोय हवी, हे तत्त्व सामान्यांच्या गाडीत नीट उतरले ते १९६४ च्या अखेरीस, ब्रिटनमधील फोर्ड कॉर्टिनाच्या ‘एअरोफ्लो’ रचनेत. डॅशबोर्डच्या दोन्ही टोकांच्या गोल, फिरत्या झरोक्यांतून ताजी हवा येई आणि मागच्या खांबांवरील जाळ्यांतून दमट हवा निघून जाई. खिडक्या मिटलेल्या असूनही हा प्रवाह चालू राही. वाहनाच्या इतिहासात इंजिनांच्या अश्वशक्तीला मिळणारा मान या साध्या जाळ्यांनाही मिळायला हवा.

पुढे वातानुकूलन यंत्राने हवेतील पाणीच काढून घेतले: थंड नळ्यांवर बाष्प गोठून नव्हे, तर द्रवरूप होऊन गाडीखाली ठिबकते, आणि कोरडी झालेली हवा हवी तर तापवून काचेवर सोडता येते. मुंबईच्या दमट पावसाळ्यात मात्र अति गार झालेल्या काचेवर बाहेरून दव धरते. तेव्हा झोत काचेवरून वळवून वायपर फिरवावा लागतो.