सीएनसी मिलिंग : जॉबची बाजू उघडी असेल तर टूल कुठून घालायचे, कसे फिरवायचे?

सानगडी : साकोली तालुक्यातील गावागावांतून आयटीआय करून पोरं बुटीबोरी, हिंगणा, चाकणला मशीनवर लागतात. जिल्ह्यातच गडेगावला अशोक लेलँडचा कारखाना आहे. मशिनिस्ट ट्रेड दोन वर्षांचा. त्यात मशीन चालवणे येते, पण टूलची वाट कशी ठरवायची हे बरेचदा शॉपमध्ये गेल्यावरच कळते. तोवर दोन-चार कटर तुटलेले असतात, आणि कार्बाइडचा कटर स्वस्त नाही.

आधी उघडी बाजू म्हणजे काय ते पाहू. धानाच्या बांधीला चारही बाजूंनी धुरे असले तर ट्रॅक्टर आत उतरवायलाच त्रास. एक बाजू रस्त्याला लागून मोकळी असेल तर सरळ आत, सरळ बाहेर. जॉबचेही तसेच आहे. चारही बाजूंनी भिंत असलेल्या खड्ड्याला पॉकेट म्हणतात. त्यात कटरला तिरपे किंवा गोल फिरत खाली उतरावे लागते आणि त्यात वेळ जातो. एक बाजू उघडी असेल तर कटर जॉबच्या बाहेर हवेतच पूर्ण खोलीवर उतरवता येतो आणि मग आडवा आत घालता येतो. २० मि.मी.चा कटर असेल तर त्याचे केंद्र कडेपासून १० मि.मी. अधिक २-३ मि.मी. बाहेर ठेवावे.

इथेच सगळ्यात जास्त चूक होते. कॅम सॉफ्टवेअरमध्ये ती बाजू उघडी आहे हे सांगावे लागते. सांगितले नाही तर सॉफ्टवेअर तिलाही भिंत समजू शकते, आणि कटर विनाकारण गोल गोल फिरत जॉबमध्ये उतरत बसतो.

आता फिरवायचे कसे? नांगरासारखे जाता-येता कापले तर रिकामी फेरी वाचते. पण एका फेरीत कट क्लाइंब होतो, दुसरीत उलटा. कटरवरचा भार सारखा बदलतो, फिनिशही एकसारखे येत नाही. एकाच दिशेने कापले तर प्रत्येक वेळी रिकामे परतावे लागते, म्हणून अनेकांना ते महाग वाटते. हिशोब करून पाहा. २०० मि.मी.ची फेरी मिनिटाला ६०० मि.मी. फीडने २० सेकंद घेते. तेवढेच अंतर १०,००० च्या रॅपिडने जेमतेम सव्वा सेकंदात. पाच फेऱ्यांना चार वेळा परतायचे, म्हणजे १०० सेकंदांच्या कामात पाचेक सेकंद, वर टूल उचलण्या-उतरवण्याचा थोडा वेळ. जॉब लांब आणि रॅपिड कमी असेल तर मात्र जाता-येता कापणेच परवडते, निदान रफिंगला.

स्पिंडल नेहमीप्रमाणे एम०३ वर फिरत असताना भिंत कटरच्या उजव्या हाताला राहिली की क्लाइंब. प्रोग्राममध्ये जी४१. चिप जाड सुरू होऊन पातळ संपते, म्हणून धार टिकते. जुन्या, स्क्रू ढिला झालेल्या मशीनवर मात्र क्लाइंबमध्ये कटर टेबल ओढून घेतो. तिथे उलटा कटच बरा.

एका फेरीत किती रुंदी घ्यायची यावरही बरेच अवलंबून असते. कटरच्या अर्ध्या व्यासाइतकी घेतली तर दाते ९० अंशात गुंततात, पाव घेतली तर ६० अंशात. पूर्ण रुंदीच्या खाचेत थेट १८०. रुंदी व्यासाच्या १० टक्के ठेवली तर चिप दर दाती फीडच्या ६० टक्केच जाड निघते, म्हणून फीड दीडपटीपेक्षा जास्त वाढवता येतो. कमी रुंदी, जास्त खोली आणि जास्त फीड हा मेळ कित्येकदा रुंद कटापेक्षा लवकर काम उरकतो. धारही पूर्ण लांबीत झिजते, फक्त टोकाला नाही.

एका टोकाला उघडी असलेली २० मि.मी.ची खाच २० च्याच कटरने एका दमात काढायचा मोह होतो. चिप अडकते, कटर गरम होतो, आवाज बदलतो. १२ चा कटर उघड्या टोकाकडून छोट्या छोट्या गोलाकार फेऱ्यांनी आत नेला तर वाट लांब होते, पण भार कमी राहतो. दोन मि.मी. खोल खाचेसाठी एवढा खटाटोप नको. खोल खाच आणि कडक लोखंड असेल तेव्हाच त्याचा फायदा.

आत शिरताना सरळ न घुसता लहान कमानीने शिरावे. बीडच्या जॉबमध्ये कटर ज्या कडेने बाहेर पडतो तिथे कड तुटते, म्हणून शेवटच्या काही मि.मी.त फीड कमी करावा.

पहिला जॉब लावण्यापूर्वी झेड ऑफसेट ५० मि.मी. वर घेऊन सिंगल ब्लॉकने प्रोग्राम चालवावा, रॅपिड २५ टक्क्यांवर ठेवून. कटर बाहेरून येतो म्हटल्यावर बाहेर काय आहे तेही पाहावे लागते : वाइसचा जबडा, क्लॅम्प, स्टॉपर. सॉफ्टवेअरमध्ये ते काढलेले नसतील तर सॉफ्टवेअरला ते दिसत नाहीत.