आधी पत्ता, मग जीभ

भिसेगावात बसून वाईनबद्दल लिहायचं म्हणजे जरा गंमतच आहे. इथे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो, शेतात भात उभा असतो, आणि हौसेने द्राक्षाचा वेल लावलाच तर श्रावण संपायच्या आत केवड्याने जातो (केवडा म्हणजे द्राक्षावरचा रोग, फूल नव्हे!). पण हल्ली पुण्या-मुंबईहून येणारे पाहुणे मिठाईच्या पुड्याऐवजी बाटली घेऊन येतात. मग सगळ्यांचं एकच. बाटली फिरवायची, लेबल वाचायचं, फ्रान्स किंवा इटली दिसलं की "वा!" आणि नाशिक दिसलं की "हं, आपली नाशिकची होय?" अजून बूच निघालेलं नसतं, पण निकाल लागलेला असतो.

ही सवय कुठून आली, हा प्रश्न बरेच दिवस डोक्यात होता. शोधायला लागलो तर ती फारच जुनी निघाली. म्हणून हा लेख. (घरातल्या मोठ्यांनी विषय बघून नाकं मुरडू नयेत. यात पिण्यापेक्षा इतिहासच जास्त आहे.)

सुरुवात आपल्या अंगणापासूनच करू. कर्जतहून कोंदिवड्याला गेलं की राजमाचीच्या पायथ्याशी कोंडाण्याची लेणी आहेत, दोन हजार वर्षांपूर्वीची. उल्हास नदीच्या काठाने येणारी जुनी वाट इथून बोरघाटाने वर चढायची असं मानतात. घाट चढून गेलं की कार्ल्याचं लेणं. तिथल्या काही खांबांवर दान देणाऱ्यांची नावं कोरली आहेत, आणि त्यातले कित्येक जण स्वतःला धेनुकाकटचे 'यवन' म्हणवतात. म्हणजे समुद्रापलीकडच्या लोकांचा नि मालाचा या वाटांना परिचय होता.

त्या मालात वाईन होती का? पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेलं 'पेरिप्लस' नावाचं प्रवासवर्णन आहे. त्यात भडोच बंदरात काय काय खपतं याची यादी दिली आहे. तिच्यात अगदी सुरुवातीला येते वाईन. आणि नुसती वाईन नव्हे, तर इटलीची सर्वांत जास्त पसंतीची, शिवाय लाओडिकियाची आणि अरबस्तानची. बघा, दोन हजार वर्षांपूर्वीही प्रतवारी लावली जायची ती गावाच्या नावाने! त्याच पुस्तकात आपलं कल्याणही आहे, पण तिथे चुकून लागलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेतात अशी तक्रार आहे.

कौटिल्यही याच पठडीतला. अर्थशास्त्रात मद्यावर देखरेख करणाऱ्या सुराध्यक्षाचं एक प्रकरण आहे. तिथे द्राक्षाच्या रसाच्या मद्याला 'मधु' म्हटलंय आणि त्याच्या दोन जाती सांगितल्यात, कापिशायन आणि हारहूरक. दोन्ही नावं प्रदेशांवरून आलेली. कापिशी म्हणजे आजच्या अफगाणिस्तानातलं बेग्राम. आज फ्रेंच लोक 'बोर्डो', 'बर्गंडी' म्हणतात, त्यातलाच हा प्रकार.

पुढची गोष्ट तर मला फारच आवडली. नेवाशाला १९५४ ते ५६ या काळात डेक्कन कॉलेजने उत्खनन केलं, तेव्हा रोमन वाईनच्या रांजणांची म्हणून खापरं मिळाली. भारतात इतरही अनेक ठिकाणी अशी खापरं सापडली होती. २००७ च्या सुमारास रॉबर्टा टॉम्बर या संशोधक बाईंनी देशभरातली अशी खापरं पुन्हा तपासली. तेव्हा त्यातली बरीचशी रोमन नव्हतीच. ती निघाली मेसोपोटेमियाकडच्या, आतून डांबर फासलेल्या रांजणांची. म्हणजे रोमचा पत्ता बघायची सवय तज्ज्ञांनाही चुकली नाही!

आता ज्या पेयाला पत्ताच नव्हता, त्याचं काय झालं ते बघू. आपल्या डोंगरातल्या ठाकर-कातकरी वाड्यांवर मोहाची फुलं वेचायची, आंबवायची आणि गाळायची रीत जुनी. तिला स्वतःची परीक्षाही होती. 'पहिल्या धारेची' हा शब्द आपण आज कशालाही वापरतो, पण मुळात ती भट्टीवरची प्रतवारी आहे. इंग्रज सरकारने १८७८ च्या अबकारी कायद्याने गाळण्यावर पकड बसवली, आणि १८९२ च्या मोह कायद्याने ठाणे-कुलाबा भागात फुलं गोळा करण्यावर नि साठवण्यावरसुद्धा बंधनं घातली. (कर्जत तेव्हा नुकतंच ठाण्यातून कुलाब्यात आलं होतं.) पहिल्या धारेची ओळखणारा माणूस एका फटक्यात गुन्हेगार झाला. आणि 'देशी' हा शब्द दारूपुरता शिवीसारखा झाला. सरकारी कागदांत आजही एका बाजूला 'देशी दारू' आहे आणि दुसऱ्या बाजूला 'भारतीय बनावटीचं विदेशी मद्य'. बनवायचं इथेच, पण पत्ता परदेशाचा लावायचा!

महाराष्ट्रातल्या वाईनचा आधुनिक इतिहासही याच रस्त्याने गेला. १९८० च्या दशकात शामराव चौगुले यांच्या इंडेज कंपनीने नारायणगावला फेसाळती वाईन बनवली, फ्रान्सच्या पायपर-हाइडसीक या शँपेनवाल्यांच्या तांत्रिक मदतीने. नाव काय दिलं? 'ओमर खय्याम'. दुसऱ्या एका वाईनचं नाव 'मार्कीज द पाँपादूर'. नारायणगाव जुन्नर तालुक्यात आहे, आणि जुन्नरच्या लेण्यांतही यवनांची दानं कोरलेली आहेत. म्हणजे परदेशी नावांची या तालुक्याला नवलाई नाही म्हणा. पुढे ही कंपनी कर्जात बुडून बंद पडली.

नाशिकला राजीव सामंत यांनी १९९७ च्या सुमारास शेनिन ब्लांक आणि सोविन्यो ब्लांकच्या वेली लावल्या. २००० साली 'सुला' बाजारात आली. २००१ मध्ये राज्य सरकारने वाईनसाठी खास धोरण आणलं, विंचूर आणि पलूसला वाईन पार्क जाहीर झाले. टेबलावरची थॉमसन सोडून शेतकऱ्यांनी वाईनची द्राक्षं लावली. मग २००८ ची मंदी आली, त्यात २६/११ चा हल्ला, हॉटेलं ओस पडली. टाक्या भरलेल्या आणि गिऱ्हाईक नाही. वाईनचं द्राक्ष छोटं, बियांचं. ते हातगाडीवर विकता येत नाही. कारखान्याने घेतलं नाही की संपलं. नाशिक भागात तेव्हा कित्येकांनी बागा मुळासकट उपटल्या.

या संकटाची कारणं मोठी होती, आपल्या आवडीनिवडीने ती टळली नसती. तरीही मला वाटतं की आपण "हं, नाशिकची होय?" म्हणतो, तेव्हा त्याची किंमत कोणीतरी मोजत असतो. नाशिकची वाईन प्रत्येक वेळी चांगलीच असते असं मी मुळीच म्हणत नाही. काही पाणचट असतात, काहींत लाकडाचा वास अंगावर येतो. पण हे चाखून ठरवायचं ना!

चाखून ठरवणं सोपं नाही, हे मात्र खरं. बोर्डोमधल्या संशोधकांनी २००१ मध्ये ५४ विद्यार्थ्यांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. हे विद्यार्थी वाईनशास्त्रच शिकणारे. त्यांना पांढरी वाईन वास नसलेल्या लाल रंगाने रंगवून दिली, तर वर्णनात बहुतेक शब्द लाल वाईनचे आले! त्याआधी २४ मे १९७६ ला पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परियर या इंग्रज वाईनविक्रेत्याने नऊ फ्रेंच परीक्षकांसमोर लेबलं झाकून कॅलिफोर्नियाच्या आणि फ्रान्सच्या वाईन ठेवल्या. पांढऱ्यांत आणि लालांत, दोन्हीकडे पहिला नंबर कॅलिफोर्नियाचा आला. एक परीक्षक तर कॅलिफोर्नियाची वाईन चाखून "आता कसं फ्रान्सला परत आलो" अशा अर्थाचं काही बोलून बसला होता.

तेव्हा पुढच्या वेळी चार-सहा बाटल्या जमल्या, तर आधी त्यांना वर्तमानपत्र गुंडाळा आणि नंबर घाला. आधी पांढऱ्या, मग लाल. आधी हलक्या, मग जड. आणि लाल वाईन 'रूम टेम्परेचर'ला प्यायची हे युरोपातल्या खोल्यांसाठी आहे. कर्जतच्या एप्रिलमध्ये ती अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावीच लागते, नाहीतर नुसती स्पिरिटसारखी लागते.

आणि शब्द आपलेच वापरा. ब्लॅककरंट आपण कधी झाडावर बघितलेलं नाही, मग त्याचं नाव कशाला घ्यायचं? शेनिनमध्ये पेरू सापडतो का बघा. सोविन्यो ब्लांकमध्ये नुकतीच चिरलेली भोपळी मिरची येते, आणि ही कवीकल्पना नाही, दोन्हींत एकच वासाचं द्रव्य असतं. शिराझमध्ये काळी मिरी येते. त्या वासाचं द्रव्य २००८ साली सापडलं, आणि खऱ्या मिरीतही तेच आहे. गंमत म्हणजे साधारण पाचातल्या एकाला तो वास येतच नाही. तेव्हा मामांना मिरी लागली आणि मावशीला नाही, तर भांडू नका, दोघंही बरोबर असू शकतात. कॅबर्नेने जीभ आखडते ना? त्याला इंग्रजीत बराच व्याप करून सांगावं लागतं. आपल्याकडे 'तुरट' आहे, आणि तोही किती प्रकारचा! जांभळाचा तुरट, आवळ्याचा, हिरड्याचा, कच्च्या केळ्याचा. सहा रसांत तुरटाला मानाची जागा देणाऱ्या लोकांनी लाल वाईनपुढे गप्प बसायचं काहीच कारण नाही.

'नाशिक व्हॅली वाईन'ला आता भौगोलिक मानांकन मिळालं आहे, म्हणजे पत्त्याचा प्रश्न कागदावर तरी सुटला. २०२२ च्या जानेवारीत मोठ्या दुकानांत वाईन विकायला परवानगी द्यायचा निर्णय झाला, अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला आणि निर्णय मागे पडला. वाईन विकावी की नाही, प्यावी की नाही, यावर घरोघरी मतभेद असणारच, आणि ते असावेत. न पिणाऱ्याला आग्रह नको. पण ज्यांना प्यायचीच आहे त्यांनी निदान चाखल्यावर मत द्यावं, एवढंच माझं म्हणणं.

कोणी हा प्रयोग घरी केलात तर नंबर आणि शब्द दोन्ही कळवा. बरोबर खायला कर्जत स्टेशनवरचा बटाटेवडा चालेल. शेनिनबरोबर फार छान जातो.