कंवर, अमर

अमर कंवर (जन्म १९६४, नवी दिल्ली) हे दिल्लीत राहून काम करणारे भारतीय प्रायोगिक लघुपटकार आणि दृश्यकलावंत आहेत. हिंसेचा आणि विस्थापनाचा पुरावा कशाला म्हणायचे आणि तो कोणापुढे मांडायचा, या प्रश्नातून त्यांच्या कामाचे रूप वेळोवेळी बदलत गेले आहे. कथा सांगणे किंवा माहिती पुरवणे हे ज्याचे मुख्य काम नसते आणि प्रतिमा, ध्वनी, शांतता व कालावधी यांच्या जुळणीतूनच ज्याचा आशय आकाराला येतो, अशा कमी लांबीच्या चित्रपटाला प्रायोगिक लघुपट म्हटले जाते. भारतात अशा प्रयोगांना पहिले बळ मुंबईत मिळाले. प्रमोद पती यांनी फिल्म्स डिव्हिजनसारख्या सरकारी संस्थेत राहून ‘एक्स्प्लोरर’ (१९६८) केला, तर अकबर पदमसी यांनी त्याच सुमारास ‘सिझिजी’ हा रेषांच्या हालचालींवर उभा राहिलेला लघुपट घडवला. दिल्लीत कंवर यांच्या पिढीला याच माध्यमाची वाट सापडली ती विद्यापीठ आणि जनआंदोलने यांतून, आणि त्यामुळे तिचा रोखही निराळा राहिला.

कंवर यांनी दिल्ली विद्यापीठाच्या रामजस महाविद्यालयात इतिहासाचे शिक्षण घेतले. ते विद्यार्थी असतानाच, १९८४ च्या अखेरीस, इंदिरा गांधी यांच्या हत्येनंतर दिल्लीत शिखांची कत्तल झाली आणि महिन्याभरातच भोपाळची वायुदुर्घटना घडली. या दोन घटनांचा आपल्यावर खोल परिणाम झाल्याचे त्यांनी वेळोवेळी नमूद केले आहे. पुढे जामिया मिलिया इस्लामिया विद्यापीठाच्या जनसंज्ञापन संशोधन केंद्रात त्यांनी चित्रपटाचे प्रशिक्षण घेतले, मात्र त्यानंतर थेट चित्रपटाकडे न वळता मध्य भारताच्या कोळसा पट्ट्यात कामगारांचे आरोग्य आणि सुरक्षितता यांविषयी संशोधन केले आणि १९९० च्या सुमारास पुन्हा कॅमेरा हाती घेतला. चरित्रातला हा मधला काळ महत्त्वाचा मानावा लागतो, कारण नोंदी, आकडे व साक्षी गोळा करण्याची संशोधकाची शिस्त आणि त्या शिस्तीच्या मर्यादांची जाणीव, या दोन्ही गोष्टी त्यांच्या पुढील प्रत्येक कृतीत दिसतात.

‘अ सीझन आउटसाइड’ (१९९७) या सुमारे तीस मिनिटांच्या लघुपटाने त्यांचे नाव झाले. वाघा सीमेवर जमिनीवर आखलेली पांढरी रेघ, तिच्या दोन्ही बाजूंनी येऊन डोक्यावरची पोती पलीकडच्या हमालाच्या डोक्यावर चढवणारे आणि रेघ मात्र न ओलांडणारे हमाल, आणि रोज संध्याकाळी ध्वज उतरवताना होणारा कवायतींचा आवेश ही यातील ओळखीची दृश्ये होत. निवेदन, म्हणजे दृश्यांवर ऐकू येणारा सूत्रधाराचा आवाज, माहितीपटात एरवी अधिकारवाणीने बोलतो. येथे तो स्वतःशीच वाद घालतो, अहिंसेवर शंका घेतो आणि फाळणीची कौटुंबिक स्मृती चाचपून पाहतो. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात १९९८ साली या लघुपटाला सुवर्ण शंख पुरस्कार मिळाला.

यानंतरच्या ‘अ नाइट ऑफ प्रॉफेसी’ (२००२) या सव्वा तासाहून अधिक लांबीच्या चित्रपटाचे चित्रीकरण महाराष्ट्र, आंध्र प्रदेश, नागालँड आणि काश्मीर येथे झाले. मराठी वाचकाला हा चित्रपट विशेष जवळचा वाटावा, कारण दलित कवितेचा आणि शाहिरीचा प्रदेश त्यात येतो तो उदाहरणादाखल नव्हे, तर काळाचे भाकीत कवीच्या तोंडून आधी ऐकू येते या चित्रपटाच्या मूळ धारणेचा आधार म्हणून. जातीची वेदना गाणारा आवाज आणि सीमाभागातील मृत्यूंविषयी बोलणारा आवाज यांमध्ये कोणतेही स्पष्टीकरण न घालता ते लागोपाठ ठेवले आहेत आणि नाते जोडण्याचे काम प्रेक्षकावर सोडले आहे. ही पद्धत सर्वत्र सारखीच परिणामकारक ठरते असे नाही. संदर्भ ठाऊक नसलेल्या परदेशी प्रेक्षकाला यातले बरेचसे केवळ सुरांतूनच उमगत असावे.

दिल्ली शहर त्यांच्या कामात पर्यटकाला दिसणाऱ्या रूपात फारसे येत नाही. ते येते सत्तेच्या आणि स्मरणाच्या जागांमधून. गुजरातमधील २००२ च्या हिंसाचारानंतर केलेला ‘टू रिमेंबर’ (२००३) हा आठ मिनिटांचा पूर्णपणे मूक लघुपट, महात्मा गांधींची जेथे हत्या झाली त्या बिर्ला भवनात चित्रित झाला आहे. म्यानमारचे लष्करी शासक थान श्वे २००४ मध्ये भारतभेटीवर आले, तेव्हा राजघाटावर पाकळ्या वाहताना त्यांचे चित्रीकरण कंवर यांनी केले आणि त्यातून ‘द फेस’ हा लघुपट घडला. ‘अ लव्ह स्टोरी’ (२०१०) हा अवघ्या पाच-सहा मिनिटांचा, चार अंकांचा लघुपट पसरत जाणाऱ्या महानगराच्या कडेवर, सततच्या स्थलांतराच्या आणि म्हणून सततच्या ताटातुटीच्या जगात घडतो. लघुपट हा आपल्याकडे बहुधा मोठ्या चित्रपटाची पूर्वतयारी समजला जातो, पण या तीन कृतींकडे पाहता त्यांची लांबी आशयानेच ठरवलेली आहे हे लक्षात येते.

‘द फेस’ पुढे ‘द टॉर्न फर्स्ट पेजेस’ (२००४–०८) या मांडणशिल्पाचा भाग झाला. दालनाच्या अवकाशात वस्तू, प्रतिमा, ध्वनी यांची रचना करून प्रेक्षकाला तिच्यातून फिरायला लावणाऱ्या कलाकृतीला मांडणशिल्प म्हणतात. मंडाले येथील को थान हते या पुस्तकविक्रेत्याने लष्करी राजवटीच्या घोषणा छापलेले पहिले पान फाडून पुस्तके विकली आणि त्यासाठी तुरुंगवास भोगला. शीर्षकाचा उगम या प्रसंगात आहे, आणि त्याला अनुसरून एकोणीस प्रक्षेपणे टांगलेल्या कागदांवर पडतात. ‘द लाइटनिंग टेस्टिमनीज’ (२००७) मध्ये आठ पडद्यांवर बत्तीस मिनिटे एकाच वेळी चालणाऱ्या कथनांतून फाळणीपासून पुढे उपखंडात स्त्रियांवर झालेल्या लैंगिक हिंसेच्या साक्षी येतात. कित्येकदा साक्षीदार माणूस नसतो, तर झाड, घर किंवा विणलेले वस्त्र असते. अशा विषयावरचा चित्रपट पीडितेचा चेहरा वापरून प्रेक्षकाला हळहळ पुरवण्याच्या सापळ्यात सहज सापडतो. एका पडद्यावरून दुसऱ्याकडे मान वळवावी लागणे आणि काहीतरी सुटतेच आहे याची जाणीव राहणे, या साध्या योजनेने कंवर तो टाळतात.

पुराव्याचा प्रश्न सर्वाधिक उघडपणे येतो तो ‘द सॉव्हरिन फॉरेस्ट’ मध्ये. ओडिशातील खाणकाम व भूसंपादनाचे चित्रीकरण त्यांनी १९९९ पासून अनेक वर्षे केले. त्यातून ‘द सीन ऑफ क्राइम’ (२०११) हा बेचाळीस मिनिटांचा चित्रपट आला, ज्यात संपादनासाठी निश्चित झालेल्या जमिनी, पाणी, गवत व वारा नष्ट होण्याआधी दिसतात. त्याच्याभोवती हातकागदाची मोठी पुस्तके, ज्यांच्या पानांवर चित्रपट प्रक्षेपित होतो, आणि देशी भाताच्या अडीचशेहून अधिक वाणांचे बियाणे मांडले गेले. एका पुस्तकाचा विषय छत्तीसगढमधील कामगारनेते शंकर गुहा नियोगी यांची १९९१ मधील हत्या हा आहे. कविता न्यायालयात पुरावा म्हणून ठेवता येईल का, असे ही मांडणी विचारते. सुधीर पटनाईक यांच्या ‘समदृष्टी’ या ओडिया नियतकालिकासह आणि शेर्ना दस्तूर यांच्या सहकार्याने घडलेली ही कृती २०१२ मध्ये जर्मनीतील कासेल येथील डॉक्युमेंटा या प्रदर्शनात दाखवली गेली आणि त्याच वर्षी भुवनेश्वर येथे लोकांसाठी खुली झाली. ज्यांच्या साक्षी त्यांनाच त्या दिसत नाहीत, हा दालनांत फिरणाऱ्या राजकीय कलेवरील आक्षेप बहुतेक कलावंतांच्या बाबतीत अनुत्तरित राहतो. भुवनेश्वरची मांडणी हे त्याला दिलेले दुर्मीळ प्रत्यक्ष उत्तर आहे.

डॉक्युमेंटाच्या २००२, २००७, २०१२ आणि २०१७ अशा लागोपाठ चार आवृत्त्यांत त्यांच्या कृती होत्या. नॉर्वेचा एडवर्ड मुंक पुरस्कार (२००५) आणि लिओनोर ॲननबर्ग पुरस्कार (२०१४) त्यांना मिळाले. छायाचित्रकार दिलीप वर्मा आणि संकलक समीरा जैन हे त्यांचे दीर्घकाळचे सहकारी होत. ‘सच अ मॉर्निंग’ (२०१७) मध्ये ते प्रथमच उघडपणे कल्पितकथेकडे वळले. त्यात कीर्तीच्या शिखरावर असलेला गणिताचा प्राध्यापक नोकरी सोडून रानातल्या बेवारस रेल्वेडब्यात राहू लागतो आणि अंधाराच्या प्रकारांची नोंद ठेवतो. शारजा द्वैवार्षिकीत २०२३ मध्ये दाखवलेल्या ‘द पीकॉक्स ग्रेव्हयार्ड’ या सात पडद्यांच्या कृतीत निवेदकाचा आवाजही उरलेला नाही आणि छोट्या बोधकथा पडद्यावर अक्षरांतून उमटतात.