गृहत्याग आणि गृहाधिकार

पतीच्या मारहाणीचा विषय निघाला की आपल्याकडे सिगालोवाद सुत्ताचा दाखला हमखास दिला जातो. दीघनिकायातील या सुत्तात पतीची पाच कर्तव्ये सांगितली आहेत. पत्नीचा अवमान न करणे आणि ‘इस्सरियवोस्सग्ग’, म्हणजे घरातील अधिकार तिच्या स्वाधीन करणे, ही त्यांपैकीच. मनुस्मृती (८.२९९-३००) भार्येला दोरीने वा वेळूच्या कांबीने पाठीवर मारण्याची मुभा देते; कौटिल्यही तीन आघातांपर्यंत ती देतो. त्या तुलनेत सुत्ताची थोरवी निर्विवाद होय. परंतु उपदेश म्हणजे दंडविधान नव्हे. पतीने तो मानलाच नाही तर काय, हे सुत्त सांगत नाही.

त्यासाठी भिक्खुनीविभंगाकडे वळावे लागते. दुसऱ्या संघादिसेसाच्या निदानकथेत एक लिच्छवी आपल्या व्यभिचारी पत्नीच्या वधाची अनुमती वैशालीत भरलेल्या गणाकडे मागतो आणि गण त्यास अडवीत नाही. ती मौल्यवान वस्तू घेऊन श्रावस्तीस पळते; इतरांनी नाकारल्यावर थुल्लनंदा तिला प्रव्रज्या देते. प्रसेनजित म्हणतो, ती प्रव्रजित झाली, आता काही करता येणार नाही. तिचा जीव चीवराने वाचला. मात्र त्यानंतर वधास पात्र ठरलेल्या चोर स्त्रीला राजा, गण आदींच्या परवानगीविना दीक्षा देण्यास बंदी आली. पाचित्तिय ८० ने तर सिक्खमानेच्या उपसंपदेस मातापित्यांची व पतीची अनुज्ञा आवश्यक केली. उखळ, मुसळ आणि कुबडा पती यांतून सुटल्याचा आनंद गाणाऱ्या मुत्ता थेरीनेही अट्ठकथेनुसार पतीची अनुज्ञा घेतली होती. ज्याच्यापासून सुटायचे त्याचीच संमती! संघाला राज्याशी व कुळाशी जुळवून घ्यावे लागले, हे आम्हांस उघड दिसते. ते झाकण्यात बुद्धधम्माचा गौरव नाही.

दाराबाहेर पडण्याचा हक्क कायद्याने द्यावा, यासाठी बाबासाहेबांनी हिंदू कोड बिल आणले. ते रखडल्यावर १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले. बौद्धांनाही लागू असलेल्या १९५५ च्या विवाह कायद्यात क्रूरता केवळ न्यायिक विभक्ततेचे कारण होती. घटस्फोटाचे कारण ती १९७६ मध्ये झाली. १९८३ च्या कलम ४९८-अ ने पतीची व सासरची क्रूरता गुन्हा ठरविली. जुलै २०२४ पासून ती तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५-८६ मध्ये आहे.

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने मात्र प्रश्नच फिरविला : पीडितेनेच घर का सोडावे? कलम १७ तिला सामायिक घरात राहण्याचा हक्क देते. सासूसासऱ्यांच्या मालकीच्या घरापुरता तो २००६ च्या निकालाने आक्रसला होता. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरविला.