ग्रीनलंडचे अन्न आणि रक्ताची गुठळी

जखमेतून वाहणारे रक्त आपोआप थांबते, हे मनुष्य अनादि काळापासून पाहत आला. परंतु या थांबण्याचा संबंध जेवणाच्या ताटाशी आहे, हे कळावयास विसावे शतक उजाडावे लागले. १९२९ च्या सुमारास कोपनहेगन येथे हेन्रिक डाम यांनी कोंबडीच्या पिलांना स्निग्धांश काढलेले अन्न दिले, तेव्हा ती रक्तस्रावाने दगावू लागली. अन्नातून जो घटक निघून गेला होता, त्याला १९३५ मध्ये त्यांनी ‘के’ जीवनसत्त्व हे नाव दिले. हे जीवनसत्त्व रक्त गोठविणाऱ्या प्रथिनांना कार्यक्षम करते. परंतु जखमेच्या मुखाशी प्रथम जमतात त्या बिंबाणू नावाच्या चपट्या सूक्ष्म कणिका. तूरिनच्या बिझोझेरो यांनी १८८२ मध्येच त्यांचे हे कार्य दाखविले होते. अन्नातील स्निग्धाचा या कणिकांवर काय परिणाम होतो, हा प्रश्न मात्र निराळाच होता.

त्याचे उत्तरही डॅनिश संशोधकांनीच दिले. ऑल्बोर्ग येथील डॉक्टर बँग व डायरबर्ग १९७० मध्ये वायव्य ग्रीनलंडच्या उमानाक जिल्ह्यात गेले आणि १३० इन्युइट स्त्रीपुरुषांच्या रक्ताचे नमुने घेऊन परतले. सील, देवमासा व मासळी यांवर निर्वाह करणाऱ्या या लोकांच्या रक्तात समुद्री मेदाम्ले विपुल होती. पुढील तपासणीचा निष्कर्ष १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्वचेवरील बारीक छेदातून येणारे रक्त डॅनिश लोकांत पाच मिनिटांच्या आत थांबे. इन्युइटांत आठ मिनिटे लागत. बिंबाणूंच्या आवरणातील ॲराकिडॉनिक आम्लापासून थ्राँबॉक्सेन हे द्रव्य बनते व ते कणिकांना परस्परांस चिकटविते. मासळीतील मेदाम्ल त्या आम्लाची जागा घेते, आणि त्यापासून बनणारे द्रव्य फारच दुबळे असते. त्याच वर्षी ऑक्सफर्डच्या ह्यू सिंक्लेअर यांनी शंभर दिवस इन्युइटांचाच आहार घेऊन पाहिला. त्यांचे रक्त थांबण्याचा काळ पन्नास मिनिटांच्या घरात गेला! धाडस स्तुत्य खरे, अनुकरणीय नव्हे.

इन्युइटांना हृदयविकार होतच नाही, ही गोष्ट मात्र जगभर फाजील उत्साहाने सांगितली गेली. बँग व डायरबर्ग यांनी हृदये तपासली नव्हती. त्यांची भिस्त सरकारी नोंदींवर होती, आणि विखुरलेल्या वस्त्यांपर्यंत डॉक्टर क्वचितच पोचत. उपर्नाविक जिल्ह्यातील १९५० ते १९७४ या काळाच्या पाहणीत हृदयविकार थोडा आढळला. पक्षाघात मात्र डेन्मार्कच्या मानाने अधिकच निघाला. रक्त उशिरा थांबण्याची ती दुसरी बाजू असावी, असे मानण्यास जागा आहे.